वजनाखालची खोली

त्याच्यासमोर ‘पडलं’ हा शब्द काढायची सोय नव्हती. पाऊस ‘आला’ म्हणायचं, सुताचा भाव ‘उतरला’ म्हणायचं. आमची तीन वर्षांची पोर अंगणात आपटून गुडघे फोडून घ्यायची, तेव्हा म्हातारा जागचा न हलता सांगायचा, “कायी न्हाय झालं, बसली ती.” मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. माणूस जरा सटकलेला आहे, पण घरमालक म्हणून निरुपद्रवी, असा निर्वाळाही मी बायकोला दिला होता. माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मला त्या काळी वाटे.

भिवंडीत खाडीच्या बाजूला एक जुनं दगडी चर्च होतं. त्याला उंच मनोरा, मनोऱ्यात घड्याळ आणि घड्याळाच्या वर क्रूस कोरलेली एक भलीमोठी घंटा. प्रार्थनेला येणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. फादर दर रविवारी ठाण्याहून यायचे आणि प्रार्थना झाली की परत जायचे. घड्याळ मात्र चालू होतं, कारण हा म्हातारा ते चालवत होता. तो मूळचा अंजूरचा. घरी गणपती बसवणारा, गावदेवीला कोंबडं देणारा. त्याच्या आज्याला कुणा जुन्या फादरने घड्याळाच्या कामावर ठेवलं, आज्याने बापाला शिकवलं आणि बापाने ह्याला. चर्चला तो ‘इगर्ज’ म्हणे. मनोरा चढताना पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावी आणि वर जाऊन त्या क्रुसापुढे गावदेवीचं नाव घेई. ह्यात काही विसंगत आहे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून त्याने ऐकलंही नसतं.

तोंडावर मी त्याला काका म्हणायचो, मनातल्या मनात अरे-तुरे.

मी तेव्हा एका पॉवरलूमच्या कारखान्यात मेहता होतो. म्हणजे हजेरी मांडायची, तागे मोजून घ्यायचे आणि शेठ व कारागीर अशा दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. आम्ही राहत होतो त्या चाळीच्या भिंतीला भिंत लावून लूम चालायचे. फळीवरची भांडी अष्टौप्रहर थरथरत असायची. पोरीला झोप म्हणून लागत नसे; डोळ्याला डोळा लागला की दचकून उठायची आणि रडून रडून निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, घर बदला. तेवढ्यात मनोऱ्याच्या पायथ्याची खोली रिकामी असल्याचं कळलं. भिंती हातभर जाडीच्या दगडाच्या, लूमचा आवाज आत शिरायची बिशाद नव्हती. गेलो त्याच दुपारी पोर जी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. बायको म्हणाली, आता मला इथून कुणी हलवायचं नाही.

छताच्या मधोमध एक चौकोनी भोक होतं, चांगलं तुळशीवृंदावन मावेल एवढं. वर नुसता काळोख दिसायचा.

“हे कशासाठी, काका?”

“हवेला,” म्हातारा म्हणाला.

तो रविवार होता. बुधवारपर्यंत मी त्या हवेचं कौतुक करत होतो. गुरुवारी जेवताना मान वर गेली, तर भोकाच्या काळोखात आणखी काळं असं काहीतरी लटकत होतं. शुक्रवारी ते स्पष्ट दिसलं. जात्याच्या तळीएवढे लोखंडी तवे, एकावर एक रचून सळईत ओवलेले, आणि तो सगळा डोलारा एका दोरावर. शनिवारी ते भोकाच्या काठाशी आलं. मी केरसुणी उंच धरली असती तर तिने ते झाडता आलं असतं.

मी जात्याच भित्रा. पाल दिसली तर बायकोला हाक मारणारा. मी तडक म्हाताऱ्याकडे गेलो. तो मनोऱ्याला टेकून उभारलेल्या पत्र्याच्या पडवीत राहायचा.

“ते घंटेचं वजन हाय,” तो म्हणाला. “रविवारी चावी दिली का वर जातं. मग घंटा वाजल तसं हप्ताभर हल्लूहल्लू खाली येतं. तुमचे खोलीत येत न्हाय. भोकातच थांबतं.”

“आणि दोर तुटला तर?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातल्या कुणाच्या मरणाबद्दल विचारलं होतं. मग म्हणाला, “हजार धागे हायत त्यात. एकदम न्हाय तुटत. आधी सांगतात.”

खोली सोडायची असं मी त्या रात्री ठरवलं, आणि सकाळी पोरीला गाढ झोपलेली पाहून रद्द केलं. असं मी किती वेळा ठरवलं आणि रद्द केलं ते आठवतही नाही. तिचे गाल भरले होते, हसायला लागली होती. अंथरुणं मी भिंतीकडे सरकवली. पण खोली ती केवढी. झोपेत लोळत लोळत पोर पुन्हा मधोमध यायची, आणि मी तिला ओढून भिंतीशी न्यायचो. भोकाकडे बोट दाखवून ती त्या वजनाला ‘आबा’ म्हणायची. कुणी शिकवलं होतं देव जाणे.

सगळ्यात वाईट वेळ दुपारी बाराची. एकाच्या ठोक्याला वजन जेमतेम बोटभर उतरायचं, बाराला मात्र ठोक्यामागून ठोका गचके खात यायचं. वर घंटा घुमायची आणि भोकात दोर ‘कर्र, कर्र’ करायचा. पोर त्या आवाजाने कधी जागी झाली नाही. मी सुट्टीला घरी असलो की बाराच्या आधी तिला उचलून बाहेर पिंपळाखाली न्यायचो आणि शेवटचा ठोका होईपर्यंत छातीशी धरून उभा राहायचो. बायको दारातून बघायची. कारखान्यात असलो की बारा वाजता माझी तागे मोजण्यात हमखास चूक व्हायची.

बाहेर गावात मात्र ती घंटा एरवी कुणाला ऐकूच यायची नाही. हजारो लूम चालू असताना घंटा काय, तोफ उडाली तरी कळायचं नाही. ती ऐकू यायची लाइट गेल्यावर. ते लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली की लूम गपकन बंद पडायचे, सगळ्या गावाच्या कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं, आणि त्या शांततेत घंटा थेट गावाबाहेरच्या शेलारपर्यंत जायची. लूमवर मीटरमागे मजुरी. लाइट गेली की कमाई बुडाली. त्यामुळे कारागिरांना त्या घंटेचा भारी राग. त्यातल्या कितीकांची तर खात्रीच होती की म्हातारा मुद्दाम लाइट जायची वाट बघतो आणि मग घंटा बडवतो. एकदा पाचसहा जण तावातावाने चर्चच्या फाटकाशी आले. त्यातला वयाने मोठा होता तो म्हणाला, “चाचा, हमारी रोज़ी जाती है, और आप उसी टाइम घंटा बजाते हो. ये कोई मज़ाक है?”

“रोज बजता है,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “तुमको आज सुनाई दिया.”

त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मनोऱ्यातल्या घड्याळाच्या तबकडीवर दगड आला आणि एक काच गेली. म्हाताऱ्याने काचा गोळा केल्या आणि पहिलं काय केलं, तर वर जाऊन दोर पाहिला. दगड दोराला लागायची काही शक्यता नव्हती. तरी पाहिला.

दोराचं वेड त्याला विलक्षण होतं. दोर तो स्वतः वळायचा. कारखान्यांतून उरलंसुरलं सूत मागून आणायचा. आमच्या कारखान्यातूनही मीच पोतंभर आणून दिलेलं. चर्चच्या व्हरांड्यात खांबाला टोक बांधून दिवसचे दिवस पीळ भरत बसायचा. बाजारात तयार दोर मिळतो, तारेचाही मिळतो, असं मी सुचवलं. तो म्हणाला, “तार बोलत न्हाय. सूत बोलतं.” वळलेला दोर डोळे मिटून बोटांतून सरकवायचा, नाकाला लावून वास घ्यायचा, दातांत धरायचा. वरचा चालू दोर तर तो दिवसातून कितीदा पाहायला चढे याला गणती नव्हती. गुडघे कुरकुरायचे, दम लागायचा, मध्येच पायरीवर बसायचा. खाली आला की दाराशी थांबून आत डोकवायचा. पोर दिसली की चेहरा सैल व्हायचा.

रविवारी चावी द्यायला जाण्याआधी तर तो नेमाने दारात यायचा. “पोर हाय का आत?”

आहे म्हटलं की जायचा. बाहेर खेळत असली तर म्हणायचा, “बोलवा तिला. मी वर चाललो.” कधी कधी तर खिशातून चिक्कीचा तुकडा काढून तिला हाताशी धरून आत आणून बसवायचा आणि मगच जिना चढायचा. आम्हाला त्याचा केवढा कळवळा. बिचाऱ्याला मूलबाळ नाही, बायको कधीची गेलेली, पोरीवर जीव लावून बसलाय. बायको त्याला रविवारचं जेवण पाठवू लागली. मीसुद्धा त्याच्याशी जरा मऊ बोलायला लागलो होतो.

आणि मग एकदा त्याची बहीण आली. ती पडघ्याला दिलेली होती. ठसठशीत म्हातारी, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर वालाच्या शेंगांचं टोपलं. आमच्या बायकोला शेंगा द्यायला म्हणून ती खोलीत शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. पोर खोलीच्या मधोमध हातपाय पसरून झोपली होती. म्हातारीने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि मागे उभ्या असलेल्या भावाला म्हणाली, “अजून मानसं झोपवतोस का रं खाली?”

झोपवतो म्हणजे काय, असं मी विचारलं.

म्हातारीने टोपलं खाली ठेवलं. “आमचे बापाचे टायमाला ही खोली मोकलीच व्हती. गवताचं भारं ठेवायचं, शेली बांधायची. खाली कोन न्हाय म्हनताना बापाचं दोराकडं ध्यान न्हाय. एक दिस वजन आलं खाली. भारं फोडून भुईत गेलं. शेली व्हती, ती गेली.”

“पडलं,” म्हातारा म्हणाला. “आलं न्हाय. पडलं व्हतं.”

त्याच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला.

“दुसरे दिशी बापानं अंजूरशी खाट आनली,” म्हातारी म्हणाली. “ह्या भोकाखाली मांडली. आमी भावंडं तितंच निजायचो. आय रडायची. बाप म्हनायचा, खाली पोरं निजली का हात चुकत न्हाय.”

“न्हाय चुकला,” म्हातारा म्हणाला.

मग सगळं हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं. भावंडं मोठी होऊन पांगली, तेव्हा ह्याने लग्न करून बायकोला तिथे झोपवलं. बायको गेल्यावर आपलं असं माणूस उरलं नाही, म्हणून भाडेकरू ठेवला. पोरं असलेलाच बघून ठेवला. चिक्की कशासाठी होती तेही कळलं. रविवारी वजन सगळ्यात उंच जातं. तिथून सुटलं तर फरशी फोडून जाईल. मी मूर्खासारखा शनिवारी घाबरत होतो, कारण शनिवारी ते दिसायचं. म्हातारा रविवारी घाबरायचा, आणि त्याच वेळी माझ्या पोरीला हाताला धरून त्याखाली आणून बसवायचा.

मी त्याला काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझी पोर काय तुझ्या दोराची राखण आहे का, असंही म्हणालो. काका-बिका सगळं गळून गेलं होतं.

तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “तुमची पोर हाय म्हनून तर दोर चांगला हाय, मेहता.”

पोर उठून बसली होती आणि आमच्या तोंडाकडे टकामका बघत होती. मी तिला उचललं आणि बाहेर आलो.

सामान बांधताना बायको म्हणाली, “चूक ती चूकच. पण तुझ्याइतका आपल्या पोरीसाठी घाबरणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हा म्हातारा तेवढा एकच.” मला तिचा फार राग आला. खरं तर तिच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं.

शेलारला एक खोली मिळाली. लूम जरा लांब होते, पोरीला झोप लागायची. मीही झोपू लागलो. मनोऱ्याच्या वाटेला जायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. पण दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी कारखान्यातली लाइट गेली, लूम थांबले, आणि बारा वाजून गेले तरी काहीच ऐकू आलं नाही. कारागीर एकमेकांकडे बघू लागले. फाटकाशी भांडायला गेलेल्यांपैकीच एक जण माझ्या टेबलाशी आला. “मेहताजी, वो टावरवाला चाचा, मर गया क्या?”

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, “रविवारी जाऊन बघून ये.” मी म्हटलं, मला काय पडलंय. रविवारी मी गेलो.

फादर जाऊन चर्चला कुलूप लागलं होतं. आमच्या खोलीचं दार उघडंच होतं. भोकाखाली खाट मांडली होती, आणि तीवर म्हातारा बसला होता. वजन भोकाच्या काठाशी लटकलेलं, हलत नव्हतं. त्याने दाढी केली नव्हती. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“वर जातो,” तो म्हणाला, “दोर हातात घेतो, पन हाताला कायी समजत न्हाय. खाली कोन न्हाय. मग खाली येऊन मीच बसतो. मग वर कोन न्हाय.”

मी दारातच उभा राहिलो. तो म्हणाला, “जरा बसा. चावी देईपावतर. मग जा.”

मी का बसलो ते मला सांगता येत नाही. दया आली असेल, किंवा घरी जाऊन बायकोला काय सांगू असं वाटलं असेल. तो जिना चढून जाईपर्यंत मी खाटेच्या कडेवर टेकून होतो. मग वरून चावीच्या हँडलचा आवाज सुरू झाला, आणि वजन भोकात शिरून दिसेनासं झालं. आता नुसता काळोख होता. मान वर करायचा धीर होईना, खाली घालायचाही होईना. वर करकर चालली होती आणि प्रत्येक आवाजाबरोबर ते लोखंड आणखी उंच जात होतं; म्हणजे माझ्यापासून लांब जात होतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. माझी पोर इथे बसून चिक्की खायची. मला तिचं नाव घेऊन ओरडावंसं वाटलं. उठून पळावं असंही वाटलं, पण मी खाटेची कड धरून बसून राहिलो.

हँडल थांबलं. चावी पूर्ण झाली असेल असं वाटलं. पण म्हातारा खाली आला नाही. बराच वेळ वर काहीच हललं नाही. मी “काका” म्हणून हाक मारली, ती ओठांतच राहिली.

मग पुन्हा करकर सुरू झाली, वेगळी, थांबत थांबत. भोकात काहीतरी दिसायला लागलं. वजन खाली येत होतं. मी खाटेवरून कसा उठलो आणि भिंतीला कसा चिकटलो ते मला आठवत नाही. ते काठाशी आलं आणि थांबलं नाही. खोलीत उतरलं. इतकं खाली मी ते कधी पाहिलं नव्हतं. तसूतसूने, दमलेल्या माणसाच्या हातांनी खाली सोडलेलं ते लोखंड खाटेवर टेकलं, खाट करकरली, तिचा एक पाय मोडला, आणि वजन कलंडून जमिनीवर बसलं.

म्हातारा आला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या बाह्या घामाने दंडांना चिकटल्या होत्या. तो भिंतीला धरून उभा राहिला.

“दोर चांगला हाय,” तो म्हणाला. “त्यात कायी न्हाय.”

“मग?”

“आज पयल्यांदा भोकातून खाली बगितलं. कवा बगत नव्हतो. बापानं सांगितलं व्हतं, दोराकडं बगायचं, खाली न्हाय बगायचं. तुमी दिसलात. तुमचं टक्कल दिसलं. मोठा मानूस केवढासा दिसतो वरून.”

तो जमिनीवर बसला आणि वजनाला बांधलेल्या दोराची गाठ सोडायला लागला. ओझ्याने आवळलेली ती त्याला सुटत नव्हती. त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, “तुमची पोर केवढीशी दिसली असती?”

मी त्याच्यासमोर बसलो आणि गाठीचं दुसरं टोक धरलं.